लशीतलं फॉर्मलिन आणि आईचे बोंबील

मी अंधेरीला एका विमा कंपनीत दावे तपासतो. दिवसभर लोकांच्या कागदांवरचं बारीक अक्षर वाचायचं आणि त्यात कुठे काय लपलंय ते शोधायचं, हा माझा धंदा. त्यामुळे बारीक अक्षर दिसलं की मला राहवत नाही. शॅम्पूच्या बाटलीवरचं वाचतो, पार्किंगच्या पावतीमागचं वाचतो. आमच्या लग्नाच्या हॉलच्या करारात घुसडलेलं एक कलम मी हळदीच्या दिवशी शोधून काढलं होतं आणि अंगाला हळद लागलेली असताना हॉलच्या मॅनेजरशी फोनवर भांडलो होतो. बायको तेव्हापासून मला ओळखून आहे.

आमची मुलगी महिन्याची झाली तेव्हा वजन करायला तिला सात बंगल्याजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला दीड महिन्याची लस. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला आणि आणखी दोन-तीन आजार, सगळे एकाच सुईत. मी साहजिकच विचारलं, त्यात असतं काय काय? बायकोने छताकडे पाहिलं. डॉक्टरबाई मात्र उठल्या, फ्रीजमधून एक खोकं काढलं आणि त्यातला घडीचा कागद माझ्या हातात ठेवला.

"घरी नेऊन वाचा. कुणी मागत नाही हो हा कागद. काही अडलं तर विचारा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा धन्यवाद दिले. उलगडला तर तो कागद रुमालाएवढा होता आणि अक्षर तर आमच्या पॉलिसीपेक्षाही बारीक.

आमचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. बाबांची बोट आहे आणि आई बाजारात मासळी विकते. माझ्या जन्माआधीपासून तिची बसायची जागा तीच आहे. रविवारी दुपारी ती बाजारातून परतली होती आणि घरच्यापुरते ठेवलेले बोंबील विळीवर साफ करत होती. बायको आतल्या खोलीच्या दारात मुलीला पाजत बसली होती. मी कागद घेऊन मधोमध खुर्ची टाकली आणि मोठ्याने वाचायला लागलो. मनातल्या मनात वाचण्याचा शहाणपणा मला तेव्हा सुचला नाही.

आजारांची नावं आली तशी आई मान डोलावत गेली. तिला ती सगळी माहीत होती. मग अॅल्युमिनियम आलं.

"टोपाचं?" आईने विचारलं.

"टोपाचं नाही गं. त्याचं मीठ. लस टोचली की अंग जागं व्हावं, तिच्याकडे नीट लक्ष द्यावं, म्हणून घालतात."

"मीठ होय," म्हणून तिने पुढचा बोंबील घेतला. मिठाबद्दल कोळणीचं काही म्हणणं नसतं.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण पुढच्या ओळीत फॉर्मल्डिहाइड होतं, आणि शाळेतलं रसायनशास्त्र मला नेमकं तेव्हा आठवलं. "फॉर्मल्डिहाइड, अंशमात्र," मी वाचलं आणि वर कौतुकाने जोडलं, "म्हणजे गं आये, आपलं ते फॉर्मलिन. पाण्यात विरघळवलं की त्यालाच फॉर्मलिन म्हणतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विळीचा आवाज थांबला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदाची घडी करायला लागलो.

आमच्या घरात फॉर्मलिन हा साधा शब्द नाही. काही वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरला होता, की मासळी टिकावी म्हणून तिला फॉर्मलिन लावतात, मढी ठेवायला वापरतात तेच. कुठे कुणी लावलंही असेल, मला ठाऊक नाही. पण आईचं म्हावरं बाबांच्या बोटीतून उतरून सरळ तिच्या पाटीत यायचं. मधे फक्त बर्फ. तरी बघता बघता तिच्यासमोरची गर्दी आटली. जी गिऱ्हाइकं यायची ती पापलेट नाकाला लावून हुंगायची, बोटाने दाबायची आणि विचारायची, "मावशी, औषध मारलेलं नाही ना?" ज्यांना तिने त्यांच्या लग्नाआधीपासून मासळी घातली होती, ती माणसं. त्या दिवसांत आई भरली पाटी घेऊन घरी यायची. आम्ही दोन्ही वेळ पापलेट खायचो. एरवी बाजारात जिच्या तोंडाला लागायला पोलीसही कचरतो, ती माझी आई तेव्हा गप्प झाली होती. मला ते बघवायचं नाही.

आणि या डॉक्टरबाईसुद्धा त्यांच्यातल्याच. दर रविवारी आईकडून मासळी नेणाऱ्या, कल्ले उघडून दाखव म्हणणाऱ्या. त्या वेळी त्याही यायच्या बंद झाल्या. पुढे सगळं निवल्यावर एका रविवारी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सुरमई कशी?" जसं काही झालंच नाही. आईने सुरमई दिली, भावही ठीक लावला. पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर दोन मांदेल्या फुकट टाकायची तिची पद्धत, ती त्यांच्यापुरती तिने बंद केली. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते कोळीवाड्यात कुणालाही विचारा.

तर त्या रविवारी आईने हात धुतले, पदराला पुसले आणि निकाल दिला. "जे मी कधी पापलेटला लावलं नाय, ते माझ्या नातीला लावणार?"

मी समजवायला गेलो. अंशमात्र म्हणजे किती कमी, ते सांगितलं. उरलंसुरलं, नावापुरतं, नगण्य, असे माझ्या ऑफिसातले सगळे शब्द वापरून झाले. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं, बाय, जरासंच हाय, नगण्य हाय, तर त्यानं म्हावरं घेतलं असतं?"

मी कागद पुन्हा उलगडला. खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. कागदात काय आहे ते लिहिलं होतं, ते तिथे का आहे ते लिहिलेलं नव्हतं. मी मोबाइलवर शोधायला लागलो. तिथे अर्धे लोक म्हणत होते लस म्हणजे विष आणि अर्धे म्हणत होते प्रश्न विचारणारे मूर्ख. माझ्या मुलीबद्दल धड कुणी काही सांगत नव्हतं.

लशीचा दिवस आला आणि गेला. आईने भांडण केलं नाही, त्या सकाळी मुलीला मालीश करून, धुरी देऊन, गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तिथून ती उठलीच नाही. तिच्या मांडीवरून मूल उचलून न्यायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

आणि घरी बाळ बघायला रीघ लागलेली. कोळीवाड्यात बाळ एका घराचं नसतं. मावश्या, आत्या, चुलत्यांच्या सुना, बोटीवरचे खलाशी, सगळे यायचे, गालाला हात लावायचे, नाकाला नाक लावायचे. त्यातल्या कुणी खोकलं की मी मुलीला उचलून आत न्यायचो. डांग्या खोकल्याबद्दल मी एव्हाना पुष्कळ वाचलं होतं. एवढ्या लहान जिवाला तो झाला तर खोकता खोकता श्वासच थांबू शकतो, हे वाचल्यापासून मी पाळण्यापाशी जाऊन तिच्या छातीवर उगाच हात ठेवायला लागलो होतो. फॉर्मलिनची भीती आईला होती, खोकल्याची मला, आणि मधे ती चिमुरडी मुठी चोखत पडलेली.

मी बायकोला म्हटलं, आई बाजारात गेली की आपण हळूच टोचून आणू.

बायको मुलुंडची. तिच्या माहेरी सगळे सरकारी नोकरीतले, आवाज न चढवता बोलणारे. ती आवाज न चढवता म्हणाली, "तुला वेड लागलंय का रे? ज्या हातांनी त्या रोज हिला मालीश करतात, त्या हातांना मांडीवरची गाठ कळणार नाही?"

"मग काय करू? मी समजावून थकलो."

"तू समजावू नकोसच. तुला कळलेलं नाही आणि तू त्यांना शिकवतोयस. त्यांचा प्रश्न आहे ना, त्यांना विचारू दे. घेऊन चल त्यांना दवाखान्यात." आणि वर म्हणाली, "पण याच आठवड्यात. मला आता भीती वाटतेय."

ती असं सहसा म्हणत नाही. मी त्याच संध्याकाळी आईपुढे विषय काढला. वाटलं होतं उसळेल. तिने उलट लगेच मान हलवली. "येते. इचारते तिला. पटलं नाय तर पोरीला घेऊन परत."

दवाखान्यात जायचं म्हणून आईने ठेवणीतली साडी काढली, कानात सोन्याच्या कुड्या घातल्या, केसांत वेणी माळली. साखरपुड्याला निघाल्यासारखी ती रिक्षात बसली, मांडीवर नात. मी मधे दोनदा सांगितलं, की आये, जरा सबुरीने घे, त्या डॉक्टर आहेत. ती म्हणाली, "मी पण कोलीण हाय."

आमचा नंबर आला. डॉक्टरबाईंनी आईला पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही?"

"मी," आई म्हणाली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. "बाय, तू दर रविवारी माझ्याकडे येतंस. मी तुला कल्ले उघडून दाखवते का नाय?"

"दाखवता."

"आज तू दाखव."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डॉक्टरबाई हसत होत्या आणि फ्रीजचं दार उघडत होत्या. आई नातीला बायकोकडे देऊन फ्रीजसमोर जाऊन उभी राहिली. बर्फ हा तिचा विषय. थंडी किती लागते, कमी झाली तर कळतं कसं, वीज गेली तर काय, लस कारखान्यातून इथवर येते ती कशातून, एकेक करून तिने सगळं विचारून घेतलं. बाहेर लोक खोळंबले होते. डॉक्टरबाईंनी तिला आतला तापमापक दाखवला, इन्व्हर्टर दाखवला, मग एक कुपी तिच्या हातात दिली. तिच्यावर एक छोटा चौकोन होता. लशीला उष्णता लागली की तो हळूहळू काळवंडतो आणि भोवतीच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची.

आईने कुपी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उजेडात फिरवली. "असा चौकोन पापलेटवर असता तर माझी किती बडबड वाचली असती," ती म्हणाली. मग सवयीने तिने कुपी नाकाला लावली.

"मावशी, ती बंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग वास कसा येणार," आई स्वतःशीच पुटपुटली आणि कुपी परत दिली. बायकोला हसू आवरेना, तिने तोंड मुलीच्या दुपट्यात लपवलं. मलाही हसायला येत होतं, पण माझं सगळं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं, कारण आता ती खुर्चीत परत बसली होती आणि पदर नीट करत होती. बाजारात भाव पक्का करायच्या आधी ती असंच करते.

"आता सांग. हिच्यात फॉर्मलिन हाय का नाय?"

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी थोडं, पण आहे. का आहे ते सांगू?"

"त्याच्यासाठीच आले."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. बोलल्या त्या आईशी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धनुर्वाताचा जंतू एक विष सोडतो, त्या विषाने माणूस मरतो. लशीत तेच विष घेतात, पण आधी ते मारून. मारायला फॉर्मल्डिहाइड वापरतात. मेलेलं विष अंगात गेलं की काही इजा होत नाही, पण शरीर त्याची ओळख ठेवतं आणि पुढे खरं आलं तर त्याला आत शिरू देत नाही. काम झालं की ते फॉर्मल्डिहाइड काढून टाकतात. तरी थोडं मागे राहतं, आणि जे राहतं ते लपवत नाहीत, म्हणून कागदावर लिहिलेलं असतं.

"थोडं म्हणजे?" आई सोडणार नव्हती.

"मावशी, हे आपल्या अंगातही तयार होतं. तुमच्या, माझ्या, हिच्या. रोज तयार होतं आणि शरीर ते वापरून, मोडून टाकतं. तुमच्या नातीच्या रक्तात आत्ता तिचं स्वतःचं जेवढं आहे, त्याच्यापुढे या सुईतलं काहीच नाही. फळांतही असतं. समुद्राच्या माशांत तर असतंच, आपोआप. बोंबलात जरा जास्तच."

आई सावरून बसली. "बोंबलात?"

"हो."

"न लावता?"

"न लावता. मासा पाण्याबाहेर काढला की त्याच्यात थोडं थोडं तयार होत राहतं. ते आपण पिढ्यान् पिढ्या खातोय. वरून कुणी ओतलं तर ते वाईटच, कारण तिथे प्रमाण राहत नाही. पण नुसतं नाव ऐकून काही कळत नाही. किती आहे, ते विचारावं लागतं."

हे मला त्या रुमालाएवढ्या कागदात कुठे सापडलं नव्हतं. इतके दिवस मी काय आहे ते वाचत होतो. किती आणि कशासाठी, हे मला कुणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं. माझ्या छातीवरचा भार उतरला आणि मी आईकडे वळलो, झालं का समाधान, असं काहीतरी म्हणायला. म्हटलं नाही ते बरं झालं.

आईचे डोळे भरले होते.

"मग तवा?" ती म्हणाली. आवाज बाजारातला नव्हता. "तवा तू का नाय आलीस? तुला तर हे सगळं ठावं हाय."

डॉक्टरबाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं आणि कुणी कुठल्या तरी खेळण्याची शिट्टी वाजवून त्याला उगी करत होतं.

"तेव्हा मला बोंबलाचं माहीत नव्हतं, मावशी," त्या म्हणाल्या. "नंतर वाचलं. तेव्हा मी फक्त मोबाइलवर वाचलं आणि घाबरले. घरी माझा मुलगा लहान होता. किती, कुठलं, कुणाचं, काही विचारलं नाही. डॉक्टर असून नाही विचारलं. निदान तुम्हाला तरी येऊन विचारायला हवं होतं."

"मी बसलेलीच व्हते ना तिथं. रोज."

"हो, मावशी. चुकलंच माझं."

मी आयुष्यात आईपुढे कुणाला 'माझं चुकलं' म्हणताना फारसं ऐकलेलं नाही. त्या मोसमात तिचं म्हावरं नाकारलेल्या इतक्या माणसांपैकी एकही परत येऊन असं म्हणालं नव्हतं. सगळे पिशव्या घेऊन पुन्हा उभे राहिले होते, एवढंच. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

आईने पदराने डोळे पुसले आणि बायकोच्या हातातल्या नातीकडे पाहिलं. ती जागी झाली होती आणि दिव्याकडे टक लावून बघत होती.

"तवा मना कोणी इचारलं नाय," आई हळू म्हणाली. "आपण इचारलं. बायनं सांगितलं. आता पोरीनं कशाला थांबायचं?" मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात, "बघतंस काय? धर तिचा पाय."

मी मुलीचा पाय धरला. माझ्या तळहातात तो मावून वर जागा उरत होती. आई स्वतः पुढे झाली नाही. सुरमईचं डोकं एका घावात उडवणारे तिचे हात तेव्हा मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. सुई आत गेली. मुलीने आधी आश्चर्याने आमच्याकडे पाहिलं आणि मग असा टाहो फोडला की बाहेरची शिट्टी बंद पडली. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

आई उठली, नातीला बायकोच्या हातून घेतलं, छातीशी धरलं आणि तिच्या पाठीवर थोपटत खोलीभर फिरायला लागली. दोन फेऱ्यांत रडणं उचक्यांवर आलं. दारापाशी थांबून तिने डॉक्टरबाईंना विचारलं, "पुढची कधी?"

"चार आठवड्यांनी."

"येते," आई म्हणाली. "तवा पाय मी धरीन."